सड्यावरची शर्यत : एका कमी खर्चाच्या चित्रपटाच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

आज पटकथेचा सहावा खर्डा पक्का केला. गोष्ट दोन ड्रायव्हरांची. दोघेही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, दोघांनीही तरुणपणी मायनिंगचे टिपर ट्रक चालवले. खेपांवर पैसे मिळत, म्हणून खाणीपासून जेटीपर्यंत एकमेकांना मागे टाकण्याची सवय तिथेच लागली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीजवरचं काम थांबलं. टिपर अंगणात गंजत उभे राहिले. हे दोघे मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या शर्यती मारू लागले. खेपा संपल्या तरी चुरस संपली नाही, एवढीच कथा.

हाती आठ लाख वीस हजार रुपये आहेत. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून आमच्या दारात भरतो, दरवर्षी तिथे चित्रपट पाहून घरी येताना वाटायचं की आपल्या लाल मातीचा एक तरी करावा. गोव्यात कोणी गाड्यांचा चित्रपट अशा पैशांत करायला निघाला तर त्याला उपयोग व्हावा म्हणून ही वही ठेवतो आहे. चुकांचे आकडेही लिहिणार आहे.

१९ जानेवारी

दोन मारुती ८०० घेतल्या, एक ३८ हजारांना आणि दुसरी ४२ हजारांना. ही गाडी निवडण्याची कारणं साधी आहेत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही मेस्त, म्हणजे मेकॅनिक, डोळे मिटून खोलतो. सुटे भाग म्हापशात मिळतात. गाडी हलकी असल्यामुळे मातीत चाळीसच्या वेगालाही मागचा भाग घसरतो. आपल्याकडे मातीवरच्या शर्यतींत वर्षानुवर्षं हीच गाडी पळाली आहे, त्यामुळे ती खोटी दिसणार नाही.

एक तांबडी, एक निळी. युनिटमध्ये सगळे नटांनाही आता तांबडा आणि निळाच म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहितो. दोन्ही गाड्यांचे टप, बॉनेट आणि बंपर काळे केले. तेव्हा ते नुसतं दिसायला बरं म्हणून केलं. पुढे त्या काळ्या रंगानेच चित्रपट वाचवला.

आत पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवला, प्रत्येकी २२ हजार. मेस्तमामांनी सुरुवातीलाच सांगितलं, "हा पिंजरा छोट्या धडकेसाठी. गाडी उलटवायची असेल तर माझ्या वेल्डिंगवर भरवसा ठेवू नका." ते वाक्य वहीत लाल शाईने लिहून ठेवलं.

२ फेब्रुवारी

जागा मिळाली. बंद खाणीकडे जाणारा जुना मातीचा रस्ता, सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या कातळी माळाच्या, कडेने साधारण सव्वा किलोमीटर. जमीनमालकाची लेखी परवानगी, ईएसजीकडे (एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा) चित्रीकरणाचा अर्ज, पोलीस स्टेशनला पत्र, पंचायतीला पत्र. यात तीन आठवडे धरून चला.

सार्वजनिक रस्त्यावर एक मीटरही शर्यत चित्रित करायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे तो गुन्हा आहे. पिंजरा बसवलेल्या गाड्या रस्त्याने चालवतही नेत नाही. पिकअपवर चढवून नेतो, एका फेरीचे अडीच हजार.

सड्याबद्दल एक विनंती. फेब्रुवारीत तो उजाड माळ दिसतो, पण त्या कातळाच्या खळग्यांत पावसाळी फुलांचं बी पडलेलं असतं. गाडीची चाकं जुन्या रस्त्याबाहेर जाता कामा नयेत. आम्ही दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारली.

१३ फेब्रुवारी

चाचणीचा दिवस पूर्ण वाया गेला. खर्च साडेनऊ हजार.

ऊन कडक होतं. कॅमेऱ्यावर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर नव्हता, म्हणून शटरचा वेग वाढवून १/४०० सेकंदावर नेला. घरी येऊन पाहिलं तर ७० च्या वेगाने पळणारी गाडी खेळण्यासारखी हिसके देत सरकत होती. चाकांची भोकं एकेक मोजता येत होती. डोळ्याला वेग जाणवतो तो चित्रातल्या फराट्यामुळे, आणि आम्ही तोच पुसून टाकला होता. सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर १/५० च्या आसपास हवं. सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) एनडी फिल्टर २,८०० रुपयांना आणला.

दुसरी गोष्ट. लांब पल्ल्याची लेन्स लावून समोरून येणारी गाडी घेतली तर ती येतच राहते, जवळ काही पोचत नाही. तीच गाडी, वेग फक्त ४०, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, २४ मिलिमीटरची लेन्स आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात वाळलेल्या करडाचे, म्हणजे सड्यावरच्या गवताचे, चार झुपके ठेवले, तर गाडी अंगावरून गेल्यासारखी वाटते. वेग गाडीला द्यायचा नाही, कॅमेऱ्याजवळच्या वस्तूंना द्यायचा. हे कळल्यावर आम्ही कमाल वेग ४५ ठरवून टाकला. नटांच्या घरच्यांनाही ते सांगितलं.

२१ फेब्रुवारी : चित्रीकरणाचा पहिला दिवस

सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) दोनशे पाव, पातळ भाजी, चहा. २२ माणसं. शर्यतीच्या एका दिवसाचा खर्च चोवीस हजार पडतो: कॅमेरा आणि लेन्स सात हजार, जेवणखाण पाच हजार, रुग्णवाहिका चार हजार, पिकअप अडीच, बाकी पेट्रोल, टँकर आणि किरकोळ.

लाल धुळीने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला. मी उघड्यावर लेन्स बदलली. संध्याकाळी प्रत्येक शॉटच्या आभाळात सात-आठ ठिपके. ११ शॉट गेले. आता लेन्स फक्त बंद काचांच्या गाडीत बदलतो, कॅमेऱ्यावर जुन्या सुती साडीचं आवरण आणि पंख्याच्या जाळीवर पातळ फडकं असतं.

गाडीच्या दारावर चोषकाने (सक्शन कपने) बसवलेला कॅमेराही याच धुळीने निसटला. पत्रा कोरड्या फडक्याने पुसला होता, तेवढं पुरत नाही. आधी पाण्याने धुवा, मग स्पिरिटने पुसा, मगच चोषक लावा. पिंजऱ्याला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीमुळे कॅमेरा वाचला.

२२ फेब्रुवारी

आजची नोंद लिहिताना अजून हात थरथरतो आहे.

मी 'कट' म्हटलं. हेल्मेटमध्ये तांबड्याला ऐकू गेलं नाही. लाईटचा मुलगा रिफ्लेक्टर उचलायला रस्त्यावर आला आणि वळणातून गाडी आली. मधे दोन हातांचं अंतर राहिलं. तांबड्याने गाडी कडेच्या मातीत घातली, मुलगा उडी मारून करडात पडला. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चूक पूर्णपणे माझी. ओरडून गाडी थांबते असं मी गृहीत धरलं होतं.

त्या दुपारी काम थांबवलं आणि नियम केला. दोन्ही टोकांना लाल बावटे. ड्रायव्हर इंजिन बंद करून चावी काढतो आणि खिडकीबाहेर हात काढून ती दाखवतो. दोन्ही चाव्या दिसल्याशिवाय रस्त्यावर कोणी पाऊल टाकायचं नाही, मीसुद्धा नाही. यात प्रत्येक शॉटला दीड मिनिट जास्त जातं. जाऊ दे.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला आणखी एक प्रसंग. उभ्या केलेल्या निळ्या गाडीच्या सायलेन्सरखाली करड पेटलं. वाळलेला सडा पेटला तर आवरत नाही. दोन अग्निशामक नळकांडी जवळ होती म्हणून हातभर जागेवरच विझलं. आता गाड्या उभ्या करण्याची जागा साफ खरवडून टँकरने भिजवतो. वळणं मात्र कोरडी ठेवतो, धूळ तिथेच हवी असते.

२४ फेब्रुवारी

निळी गाडी गेली. पाचव्या टेकनंतर पांढरा धूर आला आणि ऑइलची काडी काढली तर वर दुधासारखा थर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सीलपट्टी, गेली होती. कारण पंचवीस-तीस मीटर पळवायची, थांबवायची, इंजिन चालू ठेवून उन्हात वाट पाहायची, असं दिवसभर चाललं होतं. गाडीला वारा मिळतच नव्हता. तापमानाच्या काट्याकडे पाहण्याचं काम कोणालाच दिलं नव्हतं.

मेस्तमामांनी हेड खोललं, वाकलं होतं. फेसिंग, सुटे भाग आणि मजुरी धरून नऊ-दहा हजार आणि किमान सहा दिवस. कॅमेऱ्याचं भाडं थांबत नाही. नुसतं खोलायलाच ३,२०० गेले.

२६ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून उपाय काढला. चालू असलेल्या तांबड्या गाडीची डावी बाजू निळी करायची. टप, बॉनेट, बंपर आधीच काळे आहेत. उजवीकडून पाहिली तर तांबडी, डावीकडून पाहिली तर निळी. एक गाडी, दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. रंगाला ११ हजार. दोन दिवस असंच चित्रीकरण केलं. सगळे खूश.

३ मार्च

तुकडे जोडून पाहिले. आम्ही दोन दिवसांचे ४८ हजार पाण्यात घातले होते.

गाडीची उजवी बाजू दिसते तेव्हा ती पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते. डावी बाजू दिसते तेव्हा उजवीकडून डावीकडे. म्हणजे पडद्यावर तांबडा इकडून निघालेला, निळा तिकडून निघालेला. शर्यत कुठेच नव्हती. दोघे समोरासमोर आदळायला निघाल्यासारखे दिसत होते. कागदावर चार रेघा ओढल्या असत्या तरी हे कळलं असतं. मी ओढल्या नाहीत, कारण पैसे वाचल्याच्या आनंदात होतो.

६ ते ९ मार्च

तोडगा संकलकाने काढला. निळ्याचे शॉट आरशासारखे उलटे करायचे, म्हणजे तोही डावीकडून उजवीकडे पळेल. तिने एक शॉट उलटा करून दाखवला आणि मग अडचणी एकेक वर आल्या. त्या इथे सविस्तर लिहितो, कारण हा मार्ग दुसऱ्या कोणाला लागू शकतो.

पहिली अडचण आकड्याची. निळ्याच्या दारावर इंग्रजी आकड्यांत सत्तावीस होतं, उलटं केल्यावर वाचताच येईना. ते पुसून इंग्रजी आठ रंगवला. स्टेन्सिलने काढलेला इंग्रजी आठ आरशातही आठच दिसतो. मेलेल्या निळ्या गाडीवरही तोच काढला. सत्तावीसवाल्या जुन्या शॉटपैकी धुळीत आकडा झाकलेले चारच ठेवले.

दुसरी, ड्रायव्हरची जागा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. उलट्या चित्रात ते डावीकडे जाणार. बाजूच्या खिडकीला काळी जाळी बसवली, आतलं फक्त हेल्मेटच्या सावलीएवढं दिसतं.

तिसरी अडचण उन्हाची, आणि तिथे निसर्गाने साथ दिली. कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून ठेवला. सकाळी तांबडा पूर्वेकडे पळतो, सूर्य चित्राच्या उजवीकडे. संध्याकाळी त्याच जागेवरून निळा पश्चिमेकडे पळतो, सूर्य डावीकडे. निळ्याचा शॉट उलटा केला की सूर्य आपोआप उजवीकडे येतो, आणि दोघेही उजेडाच्या दिशेने पळताना दिसतात. सकाळी सव्वासात ते नऊ, संध्याकाळी पावणेपाच ते सव्वासहा. मधल्या वेळेत जेवण, झोप आणि संवादांचे प्रसंग.

राहिली पार्श्वभूमी. एक मोबाईल टॉवर आणि एक काजूचं झाड उलट्या चित्रात जागा बदलत होते. कॅमेरा चार पावलं पुढे नेला आणि दोन्ही वगळली.

चार दिवसांत शर्यतीचा सगळा गाभा मिळाला. काही शॉट सेकंदाला २० चौकटींनी घेतले आणि २५ ने चालवले, म्हणजे ४० चा वेग ५० दिसतो. त्याखाली जाऊ नका, धूळ वेड्यासारखी उडताना दिसते आणि लबाडी पकडली जाते.

२३ मार्च

मधे शिमगोत्सव होता. निम्मं युनिट रोमटामेळात, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीत. त्या दिवसांत काम धरणं म्हणजे माणसं दुखावणं, म्हणून वेळापत्रकात ते आधीच सोडले होते.

गाडीच्या आतले प्रसंग घेतले. मेलेली निळी गाडी इथे सोन्यासारखी कामाला आली. ती झाडाखाली उभी केली. मागच्या बंपरखाली लांब फळी, फळीखाली दगड, दोन पोरं फळी दाबतात. दोघे जण आंब्याच्या फांद्या उन्हासमोरून वेगाने नेतात, सावल्या नटाच्या चेहऱ्यावरून धावतात. एकजण मागच्या काचेमागे मूठभर माती उडवतो. हेल्मेटची काच वर, लांब लेन्स, चौकटीत फक्त डोळे. इंजिन बंद, धोका शून्य, खर्च एका दुपारच्या चहाचा. आणि मी शपथेवर सांगतो, चित्रपटातली सगळ्यात वेगवान मिनिटं हीच आहेत.

दोघेही नट नाटकातले. गावच्या जत्रेत रात्रभर उभे राहिलेले, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत गाजलेले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची त्यांची तपश्चर्या हेल्मेटमध्ये आड येत होती. मी आवाज कमी करा म्हणून सांगत राहिलो आणि त्यांचा चेहरा पडत गेला. शेवटी संवादच काढून टाकले. "समोर तो आहे, तुम्ही मनात त्याच्याशी बोला," एवढंच सांगितलं. निळ्याने दोन मिनिटं नुसतं पाहिलं. त्या नजरेत वीस वर्षांच्या खेपा होत्या.

५ एप्रिल

शेवट बदलला.

मूळ पटकथेत तांबड्याची गाडी कोलांटी घेते. साहसदृश्यं करणाऱ्या एका तुकडीने २,८०,००० सांगितले. त्यांचा आकडा वाजवी होता, त्यात सुरक्षिततेची सगळी साधनं होती. आमच्याकडे ते पैसे नाहीत. कोणीतरी म्हणालं, आपणच उतारावर रॅम्प लावू, हळू उलटवू. मेस्तमामांचं लाल शाईतलं वाक्य उघडून दाखवलं आणि तो विषय तिथेच संपवला.

मग सगळ्यांना १९७६ च्या फॉर्म्युला वन मोसमाची गोष्ट सांगितली. विजेतेपदाच्या शर्यतीत पुढे असलेला निकी लाउडा १ ऑगस्टला न्युर्बुर्गरिंगवर जळत्या गाडीत सापडला, मरता मरता वाचला आणि सहा आठवड्यांत मोंझाला परत येऊन चौथा आला. शेवटची शर्यत जपानमध्ये फुजीला, धो धो पावसात. लाउडाने दुसऱ्याच फेरीनंतर गाडी आत आणली आणि उतरला. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि मोसमाच्या एकूण गुणांत ६९ विरुद्ध ६८, एका गुणाने विजेता ठरला. हंटची ती शर्यत लोक विसरतील, पण लाउडा गाडीतून उतरला तो क्षण विसरत नाहीत.

आमच्या शेवटाला तेच हवं होतं. नवा प्रसंग असा: निळ्याची गाडी मधेच बंद पडते. तांबडा पुढे निघून जातो, आरशात पाहतो आणि ब्रेक मारतो. थांबतो. धूळ खाली बसेपर्यंत दोघेही गाडीतच. कोणी उतरत नाही, कोणी हात करत नाही. मग तांबडा इंजिन बंद करतो.

निळी गाडी तर खरोखरच बंद होती. तिला उतारावर ढकलून सोडली, चौकटीबाहेर दोरीने धरली. चाळीस सेकंदांचा एकच शॉट, सातव्या टेकला मिळाला. धूळ बसायला प्रत्येक वेळी वेगळा वेळ लागत होता, आणि घाईच्या टेकमध्ये मजा नव्हती. शॉट संपल्यावर दोन्ही खिडक्यांतून हात बाहेर आले, हातांत चाव्या. नियमाप्रमाणे. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१९ एप्रिल

आवाज. दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच, त्यामुळे डोळे मिटले तर तांबडा कुठला आणि निळा कुठला ते कळत नव्हतं. सायलेन्सर लावून एकदा आणि काढून एकदा, असे दोन वेगळे संच रेकॉर्ड केले. सायलेन्सरसह तांबडा, काढलेला निळा. मालकाला विचारून काजूच्या बागेत, वस्तीपासून लांब, भर दुपारी. पहाटे गेलो होतो तर पक्षी थांबेनात आणि रात्री रातकिडे.

पहिल्या प्रयत्नात माइक नळीच्या तोंडाशी ठेवला, आवाज फाटला. दोन हात लांब, वाऱ्याच्या आडोशाला, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवल्यावर जमलं. एक माइक बॉनेटखाली, एक ड्रायव्हरच्या पायाशी. पायाजवळच्या माइकमध्ये क्लचचा कुरकुर आवाज आला. तो कुठल्याही ध्वनिसंग्रहात सापडला नसता.

१७ मे

संकलन संपत आलं. हिशेब केला. एकूण खर्च ७ लाख ९१ हजार, त्यात नटांचं आणि तंत्रज्ञांचं मानधन धरलं आहे, माझं नाही. चुकांत गेलेले: चाचणीचा दिवस साडेनऊ हजार, धुळीत गेलेला दिवस २४ हजार, गॅस्केट ३,२००, दोन दिवसांचं दिशा चुकलेलं चित्रीकरण ४८ हजार आणि घाईत मारलेला रंग ११ हजार. बेरीज ९५,७००. रंगाचे पैसे शेवटी कामी आले, तरी तो न विचार करता मारला होता, म्हणून चुकांतच धरतो. रुग्णवाहिका एकदाही लागली नाही. ते पैसे सगळ्यात चांगले गेले.

४ जून

शेवटच्या प्रसंगात एक उणीव राहिली होती. तांबडा इंजिन बंद करतो त्यानंतर जी शांतता येते, ती आमच्याकडे नव्हती. संकलनात आवाज पूर्ण काढला तर पडदा मेल्यासारखा वाटे. एप्रिलच्या रेकॉर्डिंगमध्ये टँकरचा पंप होता. सड्याची खरी शांतता हवी होती, आणि पाऊस केव्हाही आला असता.

साडेचारला ध्वनिमुद्रक, मी आणि मेस्तमामा असे तिघेच गेलो. माइक उभा केला आणि लांब जाऊन कातळावर बसलो. ढग उतरले होते. वाऱ्याने करड सळसळत होतं, लांब एका टिटवीचा आवाज, डिचोलीच्या बाजूने एखादी बस. पहिल्या दोन प्रयत्नांत गुरं आली, तिसऱ्यात मामांना खोकला आला. चौथ्यात काहीच आलं नाही.

पाऊस पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. माइक पळत जाऊन शर्टाखाली घेतला. हाती दोन मिनिटं चाळीस सेकंद आली होती. प्रसंगाला नव्वद सेकंद लागतात.